रिकाम्या ट्रकची परीक्षा

आजचा भाग लायसनवर आहे. स्कूटरच्या नाही, 'हेवी'च्या लायसनवर. प्रश्न अगदी साधा आहे. हेवीची टेस्ट देणारा माणूस आरटीओच्या साहेबासमोर ट्रक चालवून दाखवतो, तेव्हा त्या ट्रकच्या हौद्यात काय असतं?

बहुतेक वेळा काहीच नसतं. ट्रक रिकामा असतो. आणि लायसन हातात पडलं की पुढची वीस-तीस वर्षं तो माणूस पोटासाठी चालवणार असतो ती भरलेली गाडी. जे काम करायचं आहे ते सोडून दुसऱ्याच कामाची परीक्षा घ्यायची, ही पद्धत आपल्याकडे कशी आली, याचा इतिहास आज बघू. आणि तो बघायला मुंबई-पुण्याऐवजी मंगरूळपीरला जाऊ. का, ते लगेच कळेल.

मंगरूळपीर वाशिम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नावातला 'पीर' म्हणजे तिथला हयात कलंदर यांचा दर्गा. जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग मानत, पायनघाट आणि बालाघाट. अकोला, मूर्तिजापूर ही खालची सपाट काळी जमीन म्हणजे पायनघाट, आणि वाशिम, मंगरूळ हे वरचं पठार म्हणजे बालाघाट. इंग्रजांच्या काळात वाशिम आधी स्वतंत्र जिल्हा होता, १९०५ मध्ये तो मोडून अकोल्याला जोडला. रेल्वे गेली ती खालून. भुसावळहून निघालेली जीआयपीची लाईन अकोल्यावरून पुढे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मंगरूळला गाडी आलीच नाही.

याचा अर्थ काय? वरच्या पठारावर पिकलेला कापूस विकायचा तर तो खाली उतरवायचा. माल भरून जाताना उतार आणि रिकामं परत येताना चढ. गाडी हाकणाऱ्याला हा हिशेब वाटतो तितका सोपा नाही. चढावर बैल थांबतात, फार तर गाडी थांबते. उतारावर ओझंच बैलांना ढकलायला लागतं.

हे काम करायचा धुरकरी. वऱ्हाडात बंडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात, कारण तो धुरेवर बसतो. त्याला लायसन नव्हतं, टेस्ट नव्हती. पण त्याचं निम्मं कसब हाकण्याआधीच संपलेलं असायचं, बंडी भरताना. ओझं मागे जास्त झालं की बंडी उलाळते, म्हणजे जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसतो. पुढे जास्त झालं की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो, आणि उतारावर तर बैल गुडघ्यावर येतो. म्हणून भरताना जू हाताने उचलून बघायचं. जरासं जड लागलं पाहिजे, फार नाही. 'उलाळ' हा शब्द आपल्या भाषेत आहे, याचाच अर्थ ओझ्याचं शास्त्र लोकांना माहीत होतं आणि ते शिकवलं जात होतं. रिकामी बंडी हाकता येते म्हणून कोणी पोराच्या हातात कापसाने भरलेली बंडी दिली नसती.

आता मोटारीकडे येऊ.

हिंदुस्थानात मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा. तो छोटा होता, तपशील प्रांतांवर सोडलेला. मोठा कायदा आला १९३९ मध्ये, आणि तो जवळपास पन्नास वर्षं टिकला. त्या कायद्यात वजनाची भाषा भरपूर आहे. गाडीचं रिकामं वजन, मालासकट नोंदलेलं वजन, एका आसावर येणारं वजन. पण ही सगळी मोजमापं कोणासाठी होती? रस्त्यासाठी, पुलासाठी, परमिटसाठी, करासाठी. सरकारला काळजी होती की ही गाडी माझा पूल मोडेल का. ड्रायव्हरला हे वजन आवरता येईल का, हा प्रश्न त्या मोजमापांनी विचारलाच नाही. माझ्या मते सगळी गोष्ट इथेच सुरू झाली, पुढच्यांनी ती तशीच चालवली.

१९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि त्यासोबत १९८९ चे केंद्रीय नियम आले. आजही टेस्ट होते ती त्या नियमांतल्या १५ व्या नियमाखाली. तो वाचण्यासारखा आहे. ज्या प्रकारच्या गाडीचं लायसन हवं त्या प्रकारच्या गाडीवर टेस्ट घ्यायची, असं तो म्हणतो. मग उमेदवाराला काय काय यायला हवं त्याची लांब यादी. आरसा नीट लावणं. सुरक्षित निघणं आणि वरच्या गिअरपर्यंत जाणं. उतारावर चटकन खालचा गिअर टाकणं. खड्या चढावर थांबून, मागे न घरंगळता पुन्हा निघणं. अरुंद जागेत रिव्हर्स घेणं. यादी चांगली आहे, लिहिणाऱ्याला गाडी कळत होती. पण हे सगळं गाडी भरलेली असताना करून दाखवा, असं त्यात कुठेही नाही. उतारावरचा खालचा गिअर आणि चढावरचं थांबून निघणं, या दोन्ही गोष्टींचा खरा कस लागतो तो ओझं असतानाच. रिकाम्या ट्रकने चढावर थांबून निघणं म्हणजे, आता काय सांगू, जीपने निघण्यासारखंच.

त्याच कायद्यात बाकी अटी होत्याच. वय वीस पूर्ण हवं. परिवहन वाहनाचं शिकाऊ लायसन मिळायच्या आधी हलक्या गाडीचं लायसन किमान एक वर्ष हवं. पुढे आठवी पासची अटही होती, ती २०१९ मध्ये निघाली. तेव्हा केंद्रीय मंत्रालयाने सांगितलं की वाहतूक धंद्यात जवळपास २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत आणि अनेक चांगले ड्रायव्हर शिक्षणाच्या अटीमुळे अडतात. अट काढली ते मला बरोबरच वाटतं. गंमत एवढीच की ड्रायव्हर किती शिकला हे आपण कित्येक वर्षं कागदावर तपासत होतो, आणि किती ओझं पेलतो हे मात्र तपासत नव्हतो.

मग ओझं शिकवलं कोणी? आरटीओने नाही आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूलनेही नाही. उस्तादाने शिकवलं.

मंगरूळपीरच्या माणसाला हेवी लायसनसाठी बरीच वर्षं अकोल्याला जावं लागायचं. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्यानंतर एमएच ३७ आलं. त्याआधी सगळं एमएच ३०, अकोला. पण अकोल्याला जाण्याआधी तो पोरगा कुठल्या तरी ट्रकवर किन्नर म्हणून दोन-चार वर्षं काढून आलेला असायचा. टायर बदलणे, ताडपत्री बांधणे, रस्सा आवळणे, काच पुसणे, चढावर गाडी अडली की उडी मारून चाकाखाली दगड लावणे. रात्री उस्तादाला झोप आली आणि रस्ता मोकळा असला की, 'धर थोडं.' आधी रिकामी गाडी, मग अर्धी भरलेली, आणि एक दिवस पूर्ण भरलेली. हे बेकायदाच होतं, पण शाळा म्हणून चांगली होती. टेस्टला तो पोचायचा तेव्हा ओझ्याची परीक्षा त्याने उस्तादाकडे दिलेली असायची. आरटीओ फक्त शिक्का मारायचा.

कायद्याला भरलेल्या गाडीची टेस्ट घ्यावीशी वाटली नाही, त्याचं हे खरं कारण असावं. शाळा दुसरीकडे चालू होती आणि फुकट चालू होती. आज मात्र ती शाळा मोडत चालली आहे. बऱ्याच गाड्यांवर आता किन्नर ठेवत नाहीत, मालकाला परवडत नाही. नव्या गाडीत स्टिअरिंग हलकं, ब्रेक हवेचे, केबिन गार. पोरगा थेट ड्रायव्हिंग स्कूलमधून येतो, दुहेरी कंट्रोल बसवलेल्या रिकाम्या ट्रकवर शिकून. शाळा गेली आणि परीक्षा आहे तशीच राहिली.

ओझ्याने नेमकं काय बदलतं, हे थोडं सविस्तर सांगतो. ज्यांनी भरलेली गाडी चालवली नाही त्यांना वाटतं की गाडी फक्त जड होते. तसं नसतं, गाडीचा स्वभावच बदलतो.

रिकामा दोन आसांचा ट्रक साधारण सहा-सात टनांचा. त्याचा जोरात ब्रेक मारला तर मागचा भाग उडतो, चाकं घासतात. तोच ट्रक भरला की वजन अडीच-तीन पट. आता चाकं घासत नाहीत, पण ब्रेक तापतात. लांब उतारावर सारखा पाय ब्रेकवर ठेवला तर ते इतके तापतात की पकड जाते, आणि ती जाते तेव्हा पेडल पायाखाली मऊ लागतं, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. हे ऐकून पाठ करता येतं. पण वळणावर मागून ओझं गाडीला बाहेर ढकलतं, ते अंगाला कळावं लागतं. माल कोणता यावरही आहे. सोयाबीनची पोती जड, पण खाली बसतात. कापूस हलका, पण उंच आणि रुंद भरतात, तो वाऱ्यात आणि वळणात झुकतो. टँकर अर्धा भरला असेल तर ब्रेक मारल्यावर आतलं पाणी पुढे धावतं आणि थांबलेली गाडी पुन्हा ढकलते.

आणि ट्रॉली? मंगरूळ तालुक्यात रस्त्यावरचं खरं ओझं ट्रकपेक्षा ट्रॉलीत जास्त दिसतं. दिवाळीच्या आगेमागे बाजार समितीकडे लागलेली सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग तुम्ही पाहिली असेल. ट्रॉली म्हणजे बंडीचीच नात. ओझं मागे गेलं की तीही उलाळते, फरक एवढाच की आता जू नाही, ट्रॅक्टरचा हूक वर ओढला जातो आणि मागच्या चाकांची पकड सुटते. ओझं फार पुढे आलं आणि चढ लागला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, पुढची चाकं रस्त्याला टेकत नाहीत, स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत. उतारावर ब्रेक लागतो तो ट्रॅक्टरला, आणि ट्रॉली मागून येतच राहते. ती एका बाजूला सरकली की ट्रॅक्टर आडवा होतो. रिव्हर्सची तर वेगळीच तऱ्हा. दोन चाकी ट्रॉली उजवीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी डावीकडे. चार चाकी ट्रॉली मागे घेणारा माणूस भेटला तर त्याला नमस्कार करा, ती दोन ठिकाणी मोडते.

या सगळ्याचं लायसन काय? इथे कायदा मजेशीर आहे, आणि थोडा क्रूरही.

'हलकं मोटार वाहन' कशाला म्हणायचं याची व्याख्या १९८८ च्या कायद्यात आहे. आधी मर्यादा ६००० किलो होती, १९९४ च्या दुरुस्तीत ती ७५०० झाली. मालवाहू गाडी असेल तर मालासकट वजन मोजायचं. पण ट्रॅक्टर असेल तर त्याचं रिकामं वजन मोजायचं. ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा, म्हणजे तो हलकाच. मागे पाच टन सोयाबीन जोडलं तरी ट्रॅक्टर आपला हलकाच. त्याच १९९४ च्या दुरुस्तीने मध्यम आणि अवजड, माल आणि प्रवासी, असे लायसनचे चार वेगळे वर्ग मोडून एकच 'परिवहन वाहन' हा वर्ग केला. म्हणजे रस्त्यावर ओझं वाढत होतं त्याच काळात लायसनमधली वजनाची भाषा पातळ होत गेली.

टेस्टच्या मैदानावर जो प्रश्न विचारला नाही, तो मग विचारला गेला कोर्टात, कोणी मेल्यानंतर. ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली माणूस गेला, त्याच्या बायकोने भरपाईचा दावा लावला, की विमा कंपनीचं पहिलं उत्तर ठरलेलं: ड्रायव्हरकडे ट्रॅक्टरचं लायसन आहे, पण ट्रॉली जोडल्यावर ती मालगाडी झाली, आणि मालगाडीचं लायसन त्याच्याकडे नाही, सबब आम्ही पैसे देणार नाही. २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे फेटाळलं. ट्रॅक्टर चालवायचं लायसन असलेला माणूस ट्रॉली जोडल्यामुळे अपात्र होत नाही, असं सांगितलं. बाईच्या बाजूने बघितलं तर निकाल योग्यच. ड्रायव्हरच्या कसबाच्या बाजूने बघितलं तर? ट्रॉली जोडल्याने त्याला जमायला हवं ते सगळं बदलतं, हे धुरकऱ्यानेही सांगितलं असतं. पण कोर्टापुढचा प्रश्न कसबाचा नव्हता, पैसे कोणी द्यायचे याचा होता.

यात शेतकरी कसा अडकतो तेही बघा. २००४ मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात न्यायालयाने लायसनच्या वादांबद्दल सविस्तर नियम घातले. लायसनमध्ये खोट निघाली तरी कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होऊ शकतो. मालक म्हणजे आपल्याकडे पाच-सात एकरवाला शेतकरी. बँकेच्या कर्जावर ट्रॅक्टर घेतलेला आणि भाच्याला नाहीतर गड्याला चालवायला दिलेला.

वाद तिथे संपला नाही. हलक्या गाडीच्या लायसनवर ७५०० किलोच्या आतली मालगाडी चालवता येते का? २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात तीन न्यायमूर्तींनी हो म्हटलं. विमा कंपन्यांनी पुन्हा आक्षेप घेतला, प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेलं, आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला रंभा देवी प्रकरणात तेच उत्तर कायम झालं. त्या निकालातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हलक्या लायसनवाले मालगाड्या चालवतात म्हणून अपघात वाढतात, हे दाखवणारी आकडेवारी कोणीच आमच्यापुढे ठेवली नाही, असं न्यायालयाने नोंदवलं. इतकी वर्षं भांडण, आणि आकडा कोणाकडेच नाही.

आता जरा बाहेर बघू. युरोपात हाच प्रश्न टेस्टच्या मैदानावरच सोडवला. युरोपीय संघाचा २००६ चा लायसनविषयक निर्देश जानेवारी २०१३ पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात टेस्टची गाडी कशी असावी ते मापासकट आहे. ट्रकची कमाल क्षमता किमान १२,००० किलो, लांबी किमान ८ मीटर, आणि टेस्टच्या दिवशी त्याचं खरं वजन किमान १०,००० किलो भरलं पाहिजे. मागचा हौदा केबिनइतका उंच आणि रुंद, बंद डब्याचा, म्हणजे मागे बघायचं तर आरशातूनच. ट्रेलर जोडलेल्या गाडीला किमान १५,००० किलो. कारमागच्या ट्रेलरलाही किमान ८०० किलो.

ब्रिटनने १५ नोव्हेंबर २०१३ पासून हे कसं केलं? पाणी वापरलं. ट्रकच्या टेस्टला हजार-हजार लिटरच्या पाच टाक्या, काठोकाठ भरलेल्या. पाणी सगळीकडे मिळतं, मोजायला सोपं, हजार लिटर म्हणजे एक टन, काटा शोधायला नको. आपल्याकडे उन्हाळ्यात वाशिममध्ये टेस्टसाठी पाच टाक्या पाणी कुठून आणणार, हा वेगळा प्रश्न! वाळूच्या पोत्यांनीही भागेल.

पण तिकडेही सगळं एकाच दिशेने गेलं नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ट्रक ड्रायव्हरांची टंचाई झाली, टेस्टच्या तारखा मिळेनात. सरकारने कारमागे ट्रेलर ओढायची वेगळी टेस्टच बंद केली, आणि १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसनवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायला मोकळीक दिली. ड्रायव्हर कमी पडले की पहिली कात्री परीक्षेला लागते. आपल्याकडे आठवीची अट गेली तेव्हाही कारण हेच होतं.

आपल्याकडे अलीकडे काय झालं ते थोडक्यात. जुलै २०१८ मध्ये केंद्राने आसांवरची वजनमर्यादा वाढवली. दोन आसांच्या ट्रकला १६.२ टनांवरून १८.५ टन, तीन आसांच्या ट्रकला २५ वरून २८.५. सप्टेंबर २०१९ पासून ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले, त्यात अवजड गाडीसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम आहे. जुन्या पद्धतीपेक्षा हे नक्कीच बरं. पण बघा, ट्रकवर किती भरायचं याचा आकडा बदलला, जास्त भरलं तर किती दंड याचा आकडा बदलला, शिकायच्या तासांचा आकडाही बदलला. १५ व्या नियमात ओझ्याचा आकडा मात्र आला नाही.

आणि दरम्यान मंगरूळ तालुक्यातून समृद्धी गेली. शेलू बाजारजवळ चढता येतं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. ज्या तालुक्याला कधी रेल्वे मिळाली नाही, त्याच्या दारातून आता दिवसरात्र भरलेले ट्रेलर जातात. त्याच तालुक्यातली सोयाबीनची ट्रॉली समृद्धीवर जात नाही, ती जाते जुन्या रस्त्याने, संध्याकाळी, मागे लाल दिवा असला तर असला.

माझं म्हणणं विचाराल तर सुरुवात ट्रॉलीपासून करावी. ट्रकची भरलेली टेस्ट घ्यायला स्कूलवाल्यांचे जुने ट्रक, मैदान, चढाचा रॅम्प, सगळं बदलावं लागेल, त्याला वेळ जाईल. ट्रॅक्टरच्या लायसनला मात्र वीस पोती भरलेली दोन चाकी ट्रॉली जोडा, एक चढ, एक उतार, एक रिव्हर्स. तासाभराचं काम आहे, आणि पोती ज्याची त्याने आणावीत.

तुमच्या घरात, गल्लीत कोणी जुने ट्रकवाले असतील, मंगरूळपीर आगारातून निवृत्त झालेले एसटीचे चालक असतील, किंवा बंडी हाकलेले आजोबा असतील, तर त्यांना एवढंच विचारा: भरलेली गाडी पहिल्यांदा हातात कधी आली, आणि तेव्हा शेजारी कोण बसलं होतं? उत्तरं आम्हाला पाठवा, पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवू. भेटू.